ग्रंथालयाची किल्ली



नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत माझ्याकडे वर्ग सांभाळण्याबरोबरच ग्रंथालयाचा कार्यभार आला. ग्रंथालय म्हणजे काय, तर व्हरांड्यात उभी असलेली दोन लोखंडी कपाटे आणि काचेची दारे असलेले एक लाकडी कपाट. आधीच्या गुरुजींनी किल्ल्यांचा जुडगा, एक जाड नोंदवही आणि एक सल्ला माझ्या स्वाधीन केला. सल्ला असा की, "पुस्तक हरवलं तर पगारातून कापलं जातं, एवढं ध्यानात ठेवा."

मी ते नको तितके ध्यानात ठेवले. दोन वर्षे कपाटांना कुलूप राहिले. वर्षअखेर पडताळणी झाली तेव्हा नोंदवहीतले प्रत्येक पुस्तक जागेवर होते. मला शाबासकी मिळाली. देवघेवीची वही मात्र कोणी पाहिली नाही. ती कोरी होती. एकही पुस्तक हरवले नव्हते, कारण एकही पुस्तक कोणाला दिलेच नव्हते. तिसऱ्या वर्षी लाकडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला तेव्हा मुलांना न मिळालेली पुस्तके वाळवीला मिळालेली होती.

त्या दोन वर्षांत नववीतला एक मुलगा माझ्याकडे तीनदा आला होता. काचेच्या दारातून त्याला विजेच्या मोटारीवरचे एक पुस्तक दिसले होते. मी तिन्ही वेळा त्याला "परीक्षा झाल्यावर ये" म्हणून परत पाठविले. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. तो मला पुढे कोठे भेटला, ते शेवटी सांगेन. आधी थोडा इतिहास सांगतो. कारण त्या मुलापायी मी इतिहासाला एक प्रश्न विचारू लागलो : ग्रंथालये तर अनेक झाली, पण त्यांतून माणसे केव्हा घडली आणि केव्हा घडली नाहीत?

रय शहरातला ग्रंथपाल

हजार वर्षांपूर्वी इराणात रय नावाचे मोठे शहर होते. आज ते तेहरानच्या दक्षिण भागात सामावले आहे. तेथे बुवैही घराण्याचा अंमल होता आणि इब्नुल अमीद नावाचा अत्यंत विद्वान वजीर कारभार पाहत असे. या वजिराच्या ग्रंथसंग्रहावर मिस्कवैह नावाचा ग्रंथपाल होता. सुमारे सात वर्षे त्याने ते काम केले. पुढे तो मोठा इतिहासकार आणि नीतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाला आणि इ.स. १०३० मध्ये वारला. ग्रंथपालाने स्वतःच्या अनुभवातून विद्या, गुरू आणि राज्यकारभार यांविषयी लिहून ठेवावे, याचे इतके जुने उदाहरण क्वचितच सापडेल.

इ.स. ९६६ (हिजरी ३५५) मध्ये खुरासानातून आलेल्या टोळ्यांनी रय शहरात दंगल केली आणि वजिराचा वाडा लुटला. रात्री इब्नुल अमीद घरी परतला तेव्हा बसायला आसन नव्हते की पाणी प्यायला भांडे नव्हते. मिस्कवैहने लिहून ठेवले आहे की, अशा वेळीही वजिराच्या मनाला घोर लागला होता तो पुस्तकांचा. शंभराहून अधिक उंटांवर लादावी लागतील इतकी ती पुस्तके होती. ग्रंथपाल समोर दिसताच त्याने पहिला प्रश्न पुस्तकांचाच केला. ती सुरक्षित आहेत, कोणी हातही लावलेला नाही, हे ऐकताच त्याचा चेहरा खुलला. बाकीची संपत्ती पुन्हा मिळविता येते, ग्रंथ मिळत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, आणि मला तीच मोलाची वाटते. त्या ग्रंथसंग्रहाजवळ बसून मिस्कवैहने आपल्या धन्याचे निरीक्षण केले. एखादा विद्वान भेटीला आला की इब्नुल अमीद त्याला मोकळेपणे बोलू देई. स्वतः शिकणाऱ्यासारखा ऐकत राही. आपले ज्ञान पाजळण्याची त्याला घाई नसे. पुष्कळ दिवसांनी एखाद्या प्रसंगी समोरच्याला कळे की, ज्याला आपण सांगत होतो तो त्या विषयात आपल्याहून पुढे आहे. ऐकून घेणारा अधिकारी हा मिस्कवैहने पाहिलेला नेतृत्वाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा शिष्याचा. बुवैही घराण्यातील अझदुद्दौला कोवळ्या वयात फार्स प्रांताच्या गादीवर बसला. राज्य कसे चालवावे हे त्याला इब्नुल अमीदने शिकविले, आणि तो राजा पुढेही या वजिराला आदराने 'उस्ताद' म्हणत राहिला. याच अझदुद्दौलाने बगदादमध्ये त्याच्या नावाने ओळखले जाणारे प्रसिद्ध रुग्णालय उभारले आणि शिराझमध्ये प्रत्येक विषयाची स्वतंत्र कपाटे व याद्या असलेले ग्रंथालय केले. मिस्कवैह पुढे त्याच्याच सेवेत राहिला. गुरूकडून शिष्याकडे काय गेले, हे त्याला जवळून पाहता आले.

मिस्कवैहच्या इतिहासग्रंथाचे नाव 'तजारिबुल उमम', म्हणजे राष्ट्रांचे अनुभव. मागच्यांचे अनुभव पुढच्या कारभाऱ्यांना उपयोगी पडावेत हा त्याचा हेतू होता. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाचे नाव 'तहजीबुल अखलाक'. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नाव हेच होते, हे आपल्यापैकी उर्दू वाचणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल. माणूस एकट्याने पूर्णत्वाला पोहोचत नाही, त्याला सोबती लागतात, गुरू लागतो, असे मिस्कवैह या ग्रंथात आग्रहाने मांडतो. गुरूला तो आत्म्याचा पिता मानतो आणि शिष्याच्या मनात गुरूविषयीचे प्रेम आईबापांविषयीच्या प्रेमाहूनही वरच्या पायरीवर ठेवतो.

आयुष्यातली कितीतरी वर्षे पुस्तकांच्या सहवासात काढलेल्या माणसाने असे लिहावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नुसत्या पुस्तकांनी माणूस घडतो असे तो म्हणत नाही. पुस्तके हवीतच, पण त्यांच्याजवळ एक माणूसही हवा.

बीदरचा मदरसा

मिस्कवैहचे विचार पुढे नसीरुद्दीन तुसीच्या 'अखलाके नासिरी' या तेराव्या शतकातील फारसी ग्रंथात उतरले आणि त्या वाटेने हिंदुस्थानात आले. अकबर बादशहा हा ग्रंथ वाचून घेत असे. नीती, विद्या आणि कारभार यांना एकत्र पाहणारी ही इराणी परंपरा माणसांबरोबर दख्खनमध्येही उतरली. त्या माणसांतला सर्वांत मोठा म्हणजे ख्वाजा महमूद गावान.

गावान मूळचा कॅस्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतातला. इ.स. १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून तो दख्खनमध्ये आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. आपल्या वऱ्हाडाशी त्याचा थेट संबंध आहे. राज्याच्या चार मोठ्या सुभ्यांचे त्याने आठ तरफ केले, त्यांत वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले. एकेका सरदाराच्या हाती फार सत्ता साचू नये हा त्यामागचा हेतू होता.

१४७२ मध्ये त्याने बीदर येथे मदरसा उभारला. तीन मजली इमारत, लांबी सुमारे २०५ फूट, रुंदी सुमारे १८० फूट, दर्शनी भागावर रंगीत कौलांचे नक्षीकाम आणि उंच मिनार. आत मशीद, व्याख्यानाच्या खोल्या, विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या, आणि ग्रंथालय. फिरिश्ता या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे या ग्रंथालयात ३००० हस्तलिखिते होती. छापखाना नसलेल्या त्या काळी एकेक प्रत हाताने लिहावी लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा आणि उदरनिर्वाहाचा खर्च संस्था करीत असे.

गावान स्वतः विद्वान होता. पत्रलेखन कसे करावे यावर त्याने ग्रंथ लिहिला आणि त्याच्या पत्रांचा संग्रह आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. राहणी इतकी साधी की चटईवर निजावे आणि मातीच्या भांड्यात शिजविलेले खावे. माणसे हेरून वर आणणे हाही त्याचा गुण होता. पुढे विजापूरची आदिलशाही स्थापन करणारा यूसुफ आदिलखान हा त्याच्याच हाताखाली वाढला. विजयनगरच्या मुलखातून लहानपणी कैद होऊन आलेला आणि वऱ्हाडात सरदारांच्या सेवेत वाढलेला फतहुल्ला हा गावानच्याच काळात इमादुल्मुल्क म्हणून पुढे आला. याच फतहुल्लाने १४९० मध्ये एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, वऱ्हाडची इमादशाही सुरू केली.

पण सत्तेच्या आठ वाटण्या केल्यामुळे दुखावलेल्या सरदारांनी गावानचा घात केला. मोहोर सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर त्याची मोहोर उठविली आणि ओरिसाच्या राजाला लिहिलेले खोटे पत्र तयार केले. सुलतान मुहंमद तिसरा याने दारूच्या नशेत ते खरे मानले. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी गाठलेल्या या वजिराचा शिरच्छेद झाला. नंतर त्याचा खजिना तपासला तेव्हा सुलतानाला अपेक्षित होती तशी संपत्ती निघाली नाही. पश्चात्ताप झालेला सुलतान वर्षभरात वारला आणि राज्याचे तुकडे होऊ लागले.

मदरशाची इमारत मात्र उभी राहिली. दोनशे वर्षांनी मोगल अमलात तिच्या काही भागात फौज आणि दारूगोळा ठेवला गेला. १६९६ मध्ये स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग उडाला. जेथे ग्रंथ ठेवायचे तेथे दारू ठेवली, त्याचे हे फळ. उरलेला मिनार आणि कौलांचे तुकडे आजही प्रवासी पाहतात.

विद्यार्थी मित्रहो, सहलीला बीदरला गेलात तर त्या भिंतींकडे पाहून एक गोष्ट मनात आणा. गावानने ज्यांना वर आणले त्यांनी राज्ये स्थापन केली. पण त्याच्या मागे त्या ग्रंथालयाचा वसा घेऊन तीन हजार ग्रंथ पुढच्या पिढ्यांच्या हाती देत राहणारा दुसरा गावान काही उभा राहिला नाही. इमारत राहिली, देणारा हात गेला. इतिहासात अशी ग्रंथालये पुष्कळ आहेत, आणि माझी दोन वर्षांची बंद कपाटे ही त्यांचीच धाकटी भावंडे.

बागेतला बाक

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. येथे इमारत नाही, तीन हजार ग्रंथ नाहीत. आहे तो फक्त मुंबईच्या चर्नी रोड बागेतला एक बाक आणि एक शिक्षक.

या शतकाआधीच्या शतकाची पहिली काही वर्षे. सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. त्यांचा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. घरात अभ्यासाला जागा नाही, शाळेत अस्पृश्यतेचे चटके. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक येत असत. ते विल्सन शाळेत शिकवीत, आणि मराठीतले एक नामांकित चरित्रकार होते. इतर मुले खेळत असता एक मुलगा रोज वाचताना दिसतो, म्हणून त्यांनी त्याची चौकशी केली. जात ऐकूनही ते मागे सरले नाहीत. त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले आणि काय वाचावे हे सांगू लागले.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. त्याच्या समाजात ही केवढी मोठी गोष्ट होती. अभिनंदनाची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या सभेत मुलाला भेट दिले. हे एक पुस्तक त्याच्या मनात किती खोल गेले, हे १९५६ मध्ये नागपूरला साऱ्या जगाने पाहिले.

गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत असे दिसताच त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. सयाजीराव हे ग्रंथालयांचे महत्त्व ओळखणारे राजे होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बडोद्याला बोलावले, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले आणि गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले. अशा राजाला एका वाचणाऱ्या मुलाची किंमत समजावून सांगावी लागली नसेल.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक तपशील सांगतो. अस्पृश्य म्हणून भीमरावाला शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, तेव्हा त्याने फारसी घेतली. एक दार बंद झाले तेव्हा फारसीचे दार उघडे होते. कोणत्याही भाषेचे, कोणत्याही विद्येचे दार आपण उघडे ठेवले म्हणजे कोण आत येईल याचा अंदाज आपल्याला नसतो.

१९१२ मध्ये बी.ए., १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. तेथे जॉन ड्यूई आणि सेलिगमन यांच्यासारखे गुरू भेटले आणि सकाळपासून बंद होईपर्यंत बसता येतील अशी ग्रंथालये भेटली. १९१७ मध्ये परतताना वेगळ्या जहाजाने पाठविलेली त्यांची पुस्तके युद्धात बुडाली. इब्नुल अमीदचे ग्रंथ वाचले होते, यांचे बुडाले. पण ते पुन्हा जमवीत राहिले. दादरचे 'राजगृह' बांधताना त्यांनी ग्रंथांसाठी खास जागा केली. आणि मग घेणारा हात देणारा झाला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय. जो मुलगा बागेत बसून वाचीत होता, त्याने हजारो मुलांना बसून वाचण्याची जागा दिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचे. ते केळुसकरांनी घडविले असे म्हणणे चूक होईल, आणि केळुसकरांनीही तसे म्हटले नसते. मात्र बागेत त्या मुलाकडे पाहून "परीक्षा झाल्यावर ये" म्हणणाराही एखादा शिक्षक असू शकला असता. केळुसकर तसे नव्हते, एवढाच त्यांचा मोठेपणा, आणि तो लहान नाही.

तालुक्यापर्यंतची शिडी

कोणी म्हणेल, प्रत्येक बागेत केळुसकर कोठून आणायचे? योग योगानेच येतात. बरोबर आहे. म्हणूनच योगावर न सोडता पुस्तक गावापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था हवी, हा विचार आपल्या राज्यात ज्यांनी पहिल्यांदा पद्धतशीर मांडला त्यांत एका मुस्लिम विद्वानाचे नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे आसफ अली असगर फैजी.

फैजी यांचा जन्म १८९९ मध्ये माथेरानला झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे केंब्रिजला त्यांचे शिक्षण झाले. तेथे ब्राऊन आणि निकल्सन यांच्यासारख्या अरबी-फारसीच्या थोर पंडितांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत आणि पुढे काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे पुस्तक आजही वकिलांना परिचित आहे.

१९३९ मध्ये मुंबई सरकारने ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद फैजींना दिले. १९४० मध्ये अहवाल आला. त्यातली कल्पना शिडीसारखी होती. वर मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, खाली पुणे, अहमदाबाद आणि धारवाड येथे प्रादेशिक ग्रंथालये, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. महायुद्धामुळे ही योजना रखडली, पण स्वातंत्र्याच्या सुमारास तिच्यातील वरच्या पायऱ्या प्रत्यक्षात येऊ लागल्या.

आपले मंगरूळपीर त्या शिडीवर नव्हते. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला. तेव्हापासून कायद्याच्या दृष्टीने जिल्हा आणि तालुका ही ग्रंथालयाची ठिकाणे ठरली. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाल्यावर आपल्या तालुक्याला जिल्ह्याचे ठिकाणही जवळ आले. म्हणजे शिडीच्या पायऱ्या कागदावर आपल्या दारापर्यंत पोहोचल्या आहेत.

फैजी स्वतः या विचाराला जागले. त्यांच्याकडे इस्माइली पंथाच्या अरबी हस्तलिखितांचा घराण्यातून आलेला व स्वतः जमविलेला दुर्मीळ संग्रह होता. असे ग्रंथ लोक पेटीत ठेवतात, परक्याला दाखवीत नाहीत. फैजींनी १९५७ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकले. पुढे त्यांची सूचीही छापली गेली. ज्याने इतरांना ग्रंथालये काढा म्हणून सांगितले, त्याने स्वतःच्या कपाटाची किल्ली आधी दिली. सांगणे आणि करणे यांत अंतर नसणे, यालाच आपण नेतृत्व म्हणतो.

गणिताचा मास्तर

व्यवस्था आली तरी ती चालविणारा कसा असावा? याचे उत्तर डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी दिले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. ते मूळचे आमच्यासारखे मास्तर, मद्रासला गणित शिकवीत. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पहिल्या काही दिवसांतच कंटाळले. मुले नाहीत, वर्ग नाही, रिकामी खोली. पुन्हा शिकवायला घ्या, म्हणून ते महाविद्यालयाकडे गेले. आधी लंडनला जाऊन हे काम शिकून या, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. तेथे बर्विक सेयर्स यांच्यासारखा शिक्षक भेटला. चांगली ग्रंथालये लहान मुलांपासून कामगारांपर्यंत सर्वांना कशी सामावून घेतात हे त्यांनी पाहिले आणि परत आल्यावर वर्गाची आठवण काढली नाही. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला नियम ग्रंथ वापरासाठी असतात, हा आहे. जपणुकीचा क्रम त्यानंतर येतो.

हा नियम मी बी.एड. करताना कधीतरी वाचला होता. कपाटाला कुलूप लावताना मला तो आठवला नाही.

आपल्या गावात

हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आपल्या गावाच्या नावात 'पीर' हा शब्द आला. पीर म्हणजे वाट दाखविणारा वडीलधारा. 'इक्रा' हा शब्द आपल्या घरातले लहान मूलही जाणते. म्हणजे वाचणे आणि वाट दाखविणारा, या दोन्ही गोष्टी आपल्या बोलण्यात आधीपासून आहेत. त्या एकत्र आणणे राहिले आहे.

पालकांना माझी विनंती अशी की, मुलाला शाळेत घालताना निकालाची टक्केवारी विचारता, तशी एक गोष्ट आणखी विचारा : "माझ्या मुलाने या महिन्यात ग्रंथालयातून कोणते पुस्तक घरी नेले?" हा प्रश्न दहा पालकांनी विचारला की कुलूप आपोआप उघडते. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच विचारा. मुलाला संध्याकाळी गावात जाऊन वाचता येते, मुलीला पुष्कळदा शाळेतले पुस्तक हाच एक मार्ग असतो.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर मिळते. मिळते खरे. पण मोबाइल मुलाला ओळखत नाही. नववीतला कोणता मुलगा कोणत्या पुस्तकासाठी तीनदा येऊन गेला, हे शिक्षकालाच कळते. कळायला हवे.

त्या शाळेत नंतर मी एक केले. देवघेवीची वही आठवीच्या दोन मुलींच्या हाती दिली. सुटीत कपाट उघडणे, नोंद करणे, उशीर झाला तर आठवण देणे, पाचवीच्या मुलाला त्याच्या वाचनाचे पुस्तक शोधून देणे, ही सगळी कामे त्या करू लागल्या. पहिल्या वर्षी चार पुस्तके हरवली. ती मी भरून दिली, आणि मागच्या दोन वर्षांच्या शाबासकीपेक्षा त्या चार पुस्तकांचे मला जास्त समाधान वाटले. पुढच्या वर्षी एकच हरवले. त्या दोघींनी दहावीला जाण्यापूर्वी खालच्या वर्गातल्या दोघांना काम शिकवून ठेवले होते. मी त्यांना तसे सांगितले नव्हते. गावानच्या मदरशात जे राहून गेले, ते दोन मुलींनी व्हरांड्यातल्या कपाटाजवळ केले. नेतृत्वाचे शिक्षण म्हणून जे काही मोठमोठ्या शिबिरांत शिकवितात, ते यापेक्षा फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

आता त्या मुलाविषयी. काही वर्षांनी घरच्या पंपाची मोटार जळाली, म्हणून मी ती भरून घ्यायला एका दुकानात नेली. तांब्याची तार गुंडाळीत बसलेल्या तरुणाने मान वर केली आणि उठून उभा राहिला. सलाम केला, चहा मागविला. मोटार उघडून त्यातला बिघाड मला समजावून सांगू लागला. हात सफाईदार होता. पण काही गोष्टी त्याला नुसत्या सवयीने ठाऊक होत्या, त्यामागचे कारण माहीत नव्हते, आणि ते माहीत नाही हे त्याला ठाऊक होते. निघताना तो हळूच म्हणाला, "सर, ते पुस्तक आता मिळेल का?"

ते पुस्तक नेमके खालच्या कप्प्यातले होते. वाळवीने खाल्ले होते. मी त्याला तसे सांगितले नाही. अकोल्याला गेलो तेव्हा त्याच विषयावरचे एक पुस्तक विकत घेतले आणि दुकानात नेऊन दिले. त्याने पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. मी म्हणालो, "वाचून झालं की दुकानातल्या त्या धाकट्या पोराला दे."

तो हसला आणि म्हणाला, "देतो सर. त्याला परीक्षेपर्यंत थांबवणार नाही."